सोळा भागांत मिटतं म्हणे

...आणि वर मलाच म्हणतात, 'चष्मेवाली माणसांत मिसळत नाही'! आता काय म्हणायचं याला? मी मिसळत नाही? अहो, मिसळता यावं म्हणून मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करते आणि संध्याकाळपर्यंत काउंटरमागे हसरा चेहरा करून उभी राहते, गाल दुखतात माझे, खोटं नाही सांगत, आणि समोरून अख्खं गालमेपो गाव जातं-येतं. मासे घेऊन बाया जातात, जाळी घेऊन बाप्ये जातात, पोस्टमन जातो, शाळा सुटली की पोरं जातात, आणि प्रत्येक जण, प्रत्येक जण हं, काचेतून आत बघतो! दुकानाला ही मोठी काच मी हौसेनं लावून घेतली, बाहेरच्याला आतले चष्मे दिसावेत म्हणून. पण चष्मे कोण बघतंय? मला बघतात! प्राणिसंग्रहालयात निदान तिकीट तरी काढावं लागतं.

तुम्हाला सांगते, मालिकेत असं नसतं. म्हणजे असतं, छळ असतोच, पण सोळा भागांत मिटतं!

तुम्ही बघता ना या मालिका? मग तुम्हाला कथा पाठच असेल. सोलहून एक बाई गावात येते. एकटी. चाकांची बॅग ओढत. पहिल्याच रस्त्यात तिच्या बुटाची टाच मोडते. बाजारातल्या बाया टोपलीमागून बघतात आणि कुजबुजतात, 'कोण गं ही? एकटीच? नवरा कुठाय?' दुसऱ्या भागात तिच्यावर आळ येतो. तिसऱ्यात कुणीतरी तिचे केस धरतं. चौथ्यात ती पावसात रडते, आणि तेवढ्यात छत्री येते. छत्रीखाली एक उंच तरुण असतो. तो गावातलाच असतो, पण कसा कोण जाणे, गावातल्या बाकी कुणासारखा दिसत नाही. मग दहाव्या भागात बाया विरघळतात, बाराव्यात तिला जेवायला बोलावतात आणि सोळाव्यात सगळं गाव तिच्या लग्नात नाचतं. संपलं!

आता माझं ऐका. मी मा हे-रान, वय सत्तेचाळीस. मी पण आले सोलहून, मी पण एकटी, माझी पण चाकांची बॅग. टाच नाही मोडली, कारण मी सपाट चपला घालते, माझे गुडघे दुखतात. पाऊस आला. मी दुकानाच्या पायरीवर किल्ली शोधत भिजत उभी होते. आणि छत्री आली! देवाशप्पथ आली! छत्रीखाली कोण? सरपंच बान. वय एकाहत्तर. म्हणाले, "बाई, तुम्ही नव्या ना? ओला कचरा मंगळवारी. सुका शुक्रवारी. मिसळायचा नाही." आणि छत्री घेऊन गेले.

झाला माझा चौथा भाग.

का आले, हे विचाराल तुम्ही. गावानंही विचारलं, पण मला नाही, एकमेकांना. आणि उत्तरंही एकमेकांनाच दिली. बर्फाच्या कारखान्यासमोर एक लाकडी बाज आहे, तिच्यावर बसून हे सगळं ठरतं. एक म्हणे, 'नवऱ्यानं टाकलंय.' दुसरी म्हणे, 'छे, टाकायला आधी नवरा लागतो. ही कुणा दुसरीच्या नवऱ्याची असेल.' तिसरीनं तर सांगितलं की मी एका पंथातून पळून आलेय आणि माझ्या बॅगेत त्यांच्या गुरूचा फोटो आहे. फोटो आहे हो बॅगेत. माझ्या आईचा आहे.

खरं कारण इतकं साधं आहे की ते मालिकेत चालणारच नाही. आई गेली. आम्ही दोघीच होतो. तिला एकदा इथं आणलं होतं, बंदराशेजारच्या टपरीत भाजलेला बांगडा खाल्ला होता आम्ही, आणि काटा दातात अडकला म्हणून ती इतकी हसली होती, इतकी हसली होती... बस. ती गेल्यावर सोलचं घर एकदम गप्प झालं. दुकानात गिऱ्हाईकं मला 'मॅडम' म्हणायची, शेजारी 'सातव्या मजल्यावरच्या' म्हणायचे. 'हे-राना! अगं हे-राना, जेवलीस का?' असं म्हणणारं एकच माणूस होतं जगात, आणि तेच उठून गेलं. म्हटलं, जिथं ती हसली होती तिथं जाऊन राहू. हे काय कुणाला बाजेवर बसून सांगायचं असतं? आणि बाजेवर मला बसवलंय कुणी!

बरं, मी रीत सोडली का? नाही! आल्या आल्या लाल चवळीचे वाफवलेले तांदळाचे केक घरोघर वाटले, नव्या जागी आलं की वाटतात तसे. प्रत्येक दारात कमरेत वाकले. केक सगळ्यांनी घेतले. मान देऊन, दोन्ही हातांनी घेतले! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर पायरीवर मीठ. जाडं मीठ, चांगलं मूठभर.

आता नको असलेला पाहुणा गेला की त्याच्या मागे दारात मीठ फेकतात, हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? कोरियात जन्मलेय मी. पण थंडी होती ना, रस्त्यावर बर्फ धरत होता. मी स्वतःला म्हटलं, हे-रान, बघ किती काळजी घेतात, तू घसरू नयेस म्हणून मीठ टाकलंय! एकट्या माणसाला स्वतःची समजूत घालता यावी लागते हो. नाहीतर सकाळी शटर उचलायला हात उठत नाही.

आता मुख्य बाई आणते. दो-शिकची आई. महिला मंडळाची अध्यक्ष. सुक्या मासळीचं दुकान, आवाज असा की समुद्रातली बोट वळावी, आणि केस इतके घट्ट कुरळे की वाऱ्यानंसुद्धा हलत नाहीत. 'दो-शिकची आई' हे काही नाव नाही, पण इथं बाईला नाव नसतंच. दो-शिक झाला की ती दो-शिकची आई. मि-ओक झाली की मि-ओकची आई. ज्यांची मुलं गावात नाहीत त्यांना माहेरच्या गावानं ओळखतात. एक आजी आहे, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी उल्जिनहून लग्न होऊन आली, दात पडले, नवरा गेला, नातवंडांना मुलं झाली, पण अजून ती 'उल्जिनवाली'! मी हे ऐकलं आणि मला घामच फुटला. साठ वर्षं राहून ती अजून उल्जिनची, तर मी कधी इथली व्हायची?

आणि मला तर काय म्हणणार? मूल नाही, तेव्हा अमक्याची आई नाही. नवरा नाही, तेव्हा तमक्याची बायको नाही. सोलवाली म्हणावं तर सोल हे काय माहेर आहे? मग मला हाकच मारायचे नाहीत. काम पडलंच तर 'ए... हे... ते...' करून बोटानं खांद्यावर टोचायचे. पाठीमागे चष्मेवाली, समोर बोट!

तर या दो-शिकच्या आईनं, केक मिळाल्यावर आठवड्याभरात, मला एक डबा पाठवला. मुळ्याची किमची, आणि खाली गोडसर तिखट रश्श्यातला बोंबलासारखा एक मासा. अहो काय चव! मी तो डबा ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवला, भात न घेता. मग डबा गरम पाण्यानं घासला, तिखटाचा लाल रंग जाईना म्हणून उन्हात ठेवला, असा लख्ख केला की दुकानातल्या भिंगांनी लाजावं. आणि नीट पिशवीत घालून तिच्या दाराच्या कडीला अडकवून आले. बेल वाजवली नाही. सोलला बेल वाजवत नाहीत, माणसाला त्रास होतो.

झालं! त्या दिवसापासून गाव गप्प. मी बाजारात शिरले की मिरच्यांचे भावसुद्धा थांबायचे. 'नमस्कार!' मी म्हणायचे. कोळंबीवाली कोळंबीकडे बघायची. 'आज थंडी आहे, नाही?' ती कोळंबीला सांगितल्यासारखं म्हणायची, 'हं.' मला कळेना काय केलं मी! केस रंगवले म्हणून? जोरात हसले? मी रात्रंदिवस डोकं खाजवलं. आणि मालिकेत कसं, बाई गप्प झाली की कॅमेरा तिच्या मनात जातो, आपल्याला कळतं. इथं कॅमेरा कुठून आणू?

वसंत गेला, उन्हाळा आला. दुकानात गिऱ्हाईक नाही. सगळं गाव डोळे बारीक करून हिंडतंय, सुई ओवायला नातवाला बोलावतंय, पण चष्मा करायचा तर बस पकडून तालुक्याला जाणार! माझ्याकडे भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता आहे, वर मोठे आकडे, मग मासा, विमान, फुलपाखरू. संध्याकाळी कंटाळा आला की मीच खुर्चीत बसायचे आणि मीच विचारायचे, "डावा डोळा झाका. हे काय दिसतंय?" "मासा." "छान! आता हे?" "फुलपाखरू." "शाब्बास!" हसू नका. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच असायचं.

नाही, खोटं कशाला बोलू, एक श्रोता होता. दाराबाहेर एक कुत्रं येऊन बसायचं. बेवारशी, करपल्या भाताच्या रंगाचं, भांड्याच्या तळाला खरवड धरते ना, अगदी तस्सं. म्हणून मी त्याला खरवडच म्हणायला लागले, आमच्यात त्याला नुरुंजी म्हणतात. आईला फार आवडायची. भांडं खरवडून मला द्यायची आणि म्हणायची, 'खालचं खाणाऱ्याचं नशीब वर जातं.' अजून तरी कुठं गेलेलं नाही. तर हा नुरुंजी. मी 'मासा' म्हटलं की कान टवकारायचा, 'विमान' म्हटलं की झोपायचा. खाऊन-पिऊन बरा होता, मी जेमतेम एक वाटी घालायचे तरी पोट गोल. म्हटलं, अंगाला लागतंय बिचाऱ्याच्या.

एक दिवस मनाचा हिय्या केला, कलिंगड घेतलं आणि गावच्या हॉलवर गेले. दुपारी तिथं सगळ्या बाया जमतात, फरशीवर कागद पसरून सुक्या मासळीची डोकी खुडतात आणि टीव्हीवर मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग बघतात. मी दारात चपला काढल्या. आत बोलणं चाललं होतं, हसणं चाललं होतं. मी पाऊल टाकलं आणि... सगळं बंद. नुसता टीव्ही चालू.

आणि टीव्हीवर काय चाललं होतं? तुम्हाला सांगते, मी घरून रचून आणलेलं नाही! टीव्हीवर सोलहून आलेली एक बाई गावच्या हॉलमध्ये शिरते आणि सगळ्या बाया एकदम गप्प होतात!

इकडच्या बाया खवळल्या. मि-ओकची आई डोळे पुसत म्हणाली, "बघा! बघा कशा गप्प बसल्या सगळ्या! मेल्यांना काळीज आहे का?" दो-शिकची आई मासळीचं डोकं मुरगाळत म्हणाली, "एकटी पोर बघून छळतात! मी असते ना तिथं, हात धरून शेजारी बसवली असती! माणसं आहेत का कोण!" मी कलिंगड छातीशी धरून उभीच. दहा किलोचं कलिंगड. मग तिनं मान वळवली, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ए... हे... सरक जरा. टीव्ही दिसत नाही."

मी सरकले. काय करणार?

दाराजवळ बसले. सगळ्या जणी हुंदके देत होत्या, त्या टीव्हीतल्या बाईसाठी. मीही रडले. कुणी म्हणालं, 'चष्मेवालीसुद्धा रडतेय बघा, काय ताकद आहे या मालिकेत!' कलिंगड मीच कापलं. खाल्लं सगळ्यांनी. बिया मात्र माझ्या बाजूला टाकल्या, कारण केराची टोपली माझ्या बाजूला होती. असं मी धरून चालले.

पण त्या दिवसापासून मी रोज जायला लागले, दाराजवळची जागा माझी. आणि एक दिवस त्या मालिकेतल्या बाईनं माझा घात केला. तिला कुणीतरी डबा दिला होता. तिनं काय करावं? डबा धुतला, त्यात नाशपाती कापून भरली, वरून पाइन नट्स लावले आणि शेजारणीच्या दारात जाऊन हाक मारून दिला! हॉलमध्ये सुस्कारे. आणि उल्जिनवाली आजी, जिला कमी ऐकू येतं आणि म्हणून जिला वाटतं की जगालाच कमी ऐकू येतं, ती शेजारणीच्या कानाशी वाकून, 'हळूच', म्हणजे बंदरापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळूच म्हणाली, "बघ गं, टीव्हीतल्या पोरीलासुद्धा कळतं! नाहीतर आपली चष्मेवाली! डबा घासूनपुसून रिकामा! वर चोरासारखा कडीला टांगून गेली, दारसुद्धा वाजवलं नाही!"

रिकामा डबा!

अहो, मला भोवळ आली! रिकामा डबा परत करत नाहीत हे मला ठाऊक होतं का? होतं! आई डबा परत देताना त्यात काहीतरी घालायचीच, काही नसलं तर दोन अंडी, एक संत्रं, मूठभर चणे, काहीही. पण परत द्यायला मला कुणाचा डबा आलाच नव्हता हो कितीतरी वर्षांत! सातव्या मजल्यावर कोण डबा पाठवतंय? सवय मोडली. आणि मी तो घासत बसले, लख्ख करत बसले, 'बघा मी किती स्वच्छ' म्हणून मनात मिरवत, आणि इकडं सगळ्या गावाला वाटलं मी सांगतेय, 'हा घ्या तुमचा डबा, मला तुमचं काही नको.'

मालिकेत इथं बाई धावत जाते. मीही धावत गेले, स्वयंपाकघरात. अंड्याची गुंडाळी करायची ठरवली. पहिली फाटली. दुसरी करपली. तिसरी गुंडाळली, पण आत कवचाचा तुकडा राहिला आणि तो माझ्याच दाताखाली आला. तिन्ही नुरुंजीनं खाल्ल्या आणि दाराबाहेर जाऊन गवत खाल्लं. मी नवा डबा समोर घेऊन बसले. स्वयंपाक आई करायची, मला काय येतं? मला एकच येतं. उठले, दुकानात गेले, आणि डब्यात जवळचं बघायचे चष्मे भरले. तीन. एक लाल काडीचा, एक सोनेरी, एक साधा, नंबर अंदाजानं. खाली मऊ पिवळं फडकं घातलं, पानावर वाढल्यासारखं. आणि दो-शिकच्या आईच्या दारात उभी राहून बेल वाजवली. दोनदा!

तिनं दार उघडलं. झाकण उघडलं. डबा नाकाशी नेला. म्हणाली, "हे काय? शिजवायचं कसं?"

"ताई, डोळ्याला लावायचे."

"मला नीट दिसतं."

"हो ताई. तरी."

तिनं सोनेरी लावला, नाकावर ढकलला, हातातली मासळी डोळ्यांसमोर धरली आणि किंचाळली, "अगं बाई! याच्या पोटात इतकं काळं राहतं? आणि हे मी विकते?" मग तिनं स्वतःचे हात बघितले, उलटसुलट. मग माझ्याकडे बघितलं. वाकून, अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ येऊन. एवढ्या जवळून माझ्याकडे बघितलेलं शेवटचं माणूस आई होती, डोळ्यात गेलेली पापणी काढत होती.

ती म्हणाली, "मला वाटायचं तू नाक मुरडतेस. नेहमी. तू... तुझा चेहराच असा आहे."

"हो ताई."

"डोळ्यांखाली काळं झालंय. जेवत नाहीस का?"

मालिकेत इथं व्हायोलिन सुरू होतं, दोघी मिठी मारतात, बर्फ पडायला लागतो. मी मिठीची तयारी केली, खरंच, दोन्ही हात जरा पुढे नेले... आणि ती म्हणाली, "मासळी उन्हात ठेवलीय," आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा तेच. 'हं.' फक्त दो-शिकच्या आईच्या नाकावर सोनेरी चष्मा. कुणी मला हाक मारली नाही. मारायची कशी, नाव कुठाय!

मग थंडी सुरू झाली, आणि थंडी म्हणजे किमचीचे दिवस. सगळं गाव मिळून वर्षाची किमची घालतं. कोबीचे ढीग हॉलसमोर येतात, आदल्या दिवशी मिठात घालतात, दुसऱ्या दिवशी गोल बसून पानापानाला तिखट चोळतात. ज्याला बोलावलं तो गावचा. ज्याला नाही बोलावलं त्यानं दुकानातून प्लॅस्टिकची पुडी आणून एकट्यानं खायची. दुकानाच्या भाड्याची मुदतही तेव्हाच संपत होती. मी जागामालकाला सांगितलं, किमचीपर्यंत थांबा. आणि मनाशी ठरवलं, हे-रान, बोलावलं तर राहायचं. नाही बोलावलं तर आईचा फोटो बॅगेत आणि सोल. सातवा मजला. तिथं निदान कुणी बोलावत नाही म्हणून वाईट तरी वाटत नाही, तिथं कुणीच कुणाला बोलावत नाही.

बोलावणं कसं येतं माहितीय? खांबावरच्या कर्ण्यातून! सरपंच बान सकाळी माईक हातात घेतात, आधी जुनं रडकं गाणं लावतात, मग 'फू, फू' करतात आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगतात. त्या सकाळी मी पायरीवर उभी. हातात भिंग, भिंगावर फडकं, फडकं फिरतंय, भिंग केव्हाच स्वच्छ झालंय.

"फू! फू! ऐका हो ऐका! उद्या किमची! पुढच्या घरांनी हॉलवर यावं. दो-शिकची आई. मि-ओकची आई. जे-गूची आई. उल्जिनवाली आजी... आजी, तुम्ही नुसतं बसा, मीठ तुम्ही घालायचं नाही, मागच्या वर्षी काय झालं आठवतंय ना..."

एकेक नाव. मी फडकं फिरवतेय. बर्फाच्या कारखान्यापासून दीपस्तंभापर्यंत एकही घर सुटलं नाही, अगदी वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा वाटा पोचवायचं सांगितलं.

"...एवढंच!"

कट्. कर्णा बंद.

एवढंच. मी भिंग खाली ठेवलं. आत गेले. पलंगाखालून बॅग ओढली. रडले वगैरे नाही. म्हणजे, जरा. आईचा फोटो उतरवला, तसल्याच पिवळ्या फडक्यात गुंडाळला. म्हटलं, चल गं, यांच्या सोळाव्या भागात आपण नाही. मालिकेतसुद्धा अशी एक बाई असतेच की, मागून जाताना दिसते, नाव नसतं तिला.

आणि तेवढ्यात...

"फू! फू! थांबा हो, एक राहिलं. दो-शिकची आई इथं माझ्या कानाशी ओरडतेय... हो सांगतो, सांगतो! आणि नुरुंजीची आई! नुरुंजीच्या आईनं पण यायचं. येताना आपले रबरी हातमोजे आणायचे, हॉलमधले फाटलेत."

मी चेन लावता लावता थांबले. म्हटलं, ही कोण आणखी? नुरुंजीची आई? काय एकेक नावं ठेवतात पोरांची! मला राग आला, खरंच सांगते, म्हटलं, ज्या घरात पोराचं नाव खरवड ठेवतात त्या बाईला बोलावतात, आणि मला नाही!

दारात कुत्र्यानं कान टवकारले.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. शेपूट हलवलं.

...अगं बाई. मी!

माझ्याकडे एकच जोडी हातमोजे होते, लाल, त्यांत डाव्या अंगठ्याला भोक. तेच घेऊन गेले. गोलात जागा होती, दाराजवळ नव्हे हं, मधे, उल्जिनवालीच्या शेजारी. दिवसभर पाठ मोडेपर्यंत कोबी चोळला. भोकातून तिखट गेलं, अंगठा पेटला, पण तक्रार कोण करतंय! बाया आपापसात बोलत होत्या आणि माझ्यासाठी थांबत नव्हत्या! आणि तिथं मला कळलं, नुरुंजी रोज सकाळी दो-शिकच्या आईकडे मासळीची डोकी खातो, दुपारी मि-ओकच्या आईकडे भात, मग बंदरावर, मग उल्जिनवालीच्या उंबऱ्यावर झोप. सगळं गाव त्याला त्या नावानं हाक मारतं. मी संध्याकाळी त्याला नाव घेऊन ओरडायचे ते सगळ्यांनी ऐकलेलं. मी वर्षभर काचेच्या आत बसून होते आणि हा पठ्ठ्या घरोघर जेवून आलेला! आता हसू की रडू मी, सांगा?

दो-शिकच्या आईनं कोवळ्या पिवळ्या पानात उकडलेल्या डुकराच्या मटणाचा तुकडा गुंडाळला, तिखट लावलं आणि माझ्या हातात नाही दिला, सरळ तोंडात कोंबला. "खा. डोळ्यांखाली काळं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं हो. तिखटच होतं फार.

मी तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "ताई, तुमचं स्वतःचं नाव काय हो?"

तिचे हात थांबले. सोनेरी चष्मा घसरला होता, तो तिनं दंडानं वर ढकलला. जरा विचार केला, खरंच विचार करावा लागला तिला. म्हणाली, "ओक-नाम. प्यो ओक-नाम." मग कोबीकडे बघत, "दो-शिकचा बाप गेल्यापासून कुणी घेतलंच नाही." आणि मला विचारेल असं वाटलं. वाट बघितली मी. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "नुरुंजीच्या आई, मीठ सरकव गं," आणि मी मीठ सरकवलं.

तर राहिले मी. भाडं भरलं. संध्याकाळी सगळ्या घरांनी वाट्याचे डबे दिले, डब्यांवर डबे, फ्रीजमध्ये मावेनात. आता तुम्हीच सांगा, हे रिकामे कसे परत करायचे? आणि मला येतं काय? भरले चष्मे! प्रत्येक डब्यात दोन-दोन! आता गावात सगळ्यांना छान दिसतं, सुई ओवतात, मासळी साफ करतात, टीव्ही बघतात, आणि माझ्या दुकानात पूर्वी येत नव्हते त्यांना आता येण्याची गरजच उरली नाही. तक्त्यासमोर अजून मीच बसते. मासा, विमान, फुलपाखरू.

आईसारखी 'हे-राना' म्हणून हाक मारायला कुणी नाही, ती आता नाहीच येणार, तेवढं मला कळतं. पण कधी कधी रस्त्यावरून आवाज येतो, "नुरुंजीच्या आई! आहेस का घरात?" आणि मी काउंटर सोडून धावते, दार उघडते... तोवर नुरुंजी पोचलेला असतो पुढे. ती बाई खाली वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवते, मासळीचं डोकं देते, 'जेवलास का रे?' विचारते, आणि जाता जाता मान वर करून मला म्हणते, "काही नाही गं. त्याच्याकडेच आले होते."